पांढऱ्यावर पांढरी अक्षरे

मित्रांनो, पायांविषयी मी आयुष्यभर इतके बोलले आहे, की मला स्वतःला पाय नाहीत याची आठवणच राहत नाही. अधू पायांसाठी बूट बनवणाऱ्या एका कारागिराची मी वेबसाइट. आता जुनी झाले, बारा वर्षांची. तुमच्यात बारा वर्षांच्या मुलीला कोणी म्हातारी म्हणणार नाही. आमच्यात मात्र या वयाला डोळे मिटायची वेळ झालेली असते. मलाही ते मिटता आले असते, तर पुढचे बरेच काही पाहावे लागले नसते.

माझी गोष्ट गोड नाही. तरी सांगते, कारण उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुकान काढाल, दवाखाना काढाल आणि तुमच्या नावाने जगाशी बोलायला माझ्यासारखी एखादी नेमाल. तेव्हा ही गोष्ट कामी येईल.

आधी एक सांगून ठेवते. मला जिथे कोणी उघडते, तिथले मला दिसते आणि ऐकू येते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडी असे. त्यामुळे त्या घरातले बोलणे माझ्या कानांतून फारसे सुटले नाही.

माझा जन्म दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. भिंतीला लागून फळ्या होत्या आणि त्यांवर कलबुतांच्या रांगा. कलबूत म्हणजे पायाच्या मापाचा लाकडी साचा, ज्याच्यावर बूट चढवून शिवतात. प्रत्येक कलबुतावर एकेका माणसाचे नाव खडूने लिहिलेले. कोणाच्या पायाला बोटेच नव्हती, कोणाचा घोटा बाहेर आलेला, कोणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटे आखूड. गिऱ्हाइके कारागिराला काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. त्यांची पत्नी, म्हणजे काकू, बुटांचे अस्तर शिवत. मला घडवले ते त्यांच्या एकुलत्या एका लेकीने. कॉलेजच्या सुट्टीत ती खुर्चीवर मांडी घालून बसे. काका समोर रापीने कातडे कापत आणि कापता कापता मजकूर सांगत.

"लिही, आधी पाय बघतो, मग बोलतो."

"बाबा, असं नाही लिहीत. 'अत्याधुनिक सेवा' असं काहीतरी लिहितात."

"अत्याधुनिक काय आहे गं आपल्याकडे? ही रापी माझ्या बापाची आहे."

लेक हसली. तिने लिहिले, 'आम्ही आधी पाय पाहतो, मग सांगतो. बुटाने होण्यासारखे नसेल, तर तसेही सांगतो.' हे माझे पहिले शब्द. पुढे माझ्या अंगावर हजारो वाक्ये चढली, पण त्या दोन ओळींइतके खरे मी पुन्हा कधी बोलले नाही.

माझे पहिले दिवस मानाचे होते. एक शिक्षिका होत्या. त्यांचा उजवा पाय आखूड होता आणि वर्गात उभे राहून त्यांची कंबर मोडून जाई. त्यांनी मला शोधले, दुकानात आल्या आणि महिन्याभराने मला पत्र पाठवले, 'आज पाचही तास उभी होते.' काकांनी ते पत्र लेकीला तीनदा वाचायला लावले. गावातले हाडांचे डॉक्टर तर औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे माझा पत्ता लिहून देत. ते म्हणत, "हा माणूस नको तो बूट विकत नाही." एखाद्या दुकानाला याहून मोठे प्रशस्तिपत्र काय हवे?

मग दिवस पालटले. लेकीला नोकरी लागली, लग्न झाले, ती दूरच्या शहरात राहायला गेली. तिला बाळ झाले, आणि माझ्याकडे पाहायला तिला सवड उरली नाही. तेवढ्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या चकचकीत वेबसाइटी आल्या. लोकांना काही हवे असले, की ते शोधयंत्राला विचारतात, आणि ते यंत्र हजारो वेबसाइटींची रांग लावून दाखवते. त्या रांगेत मी मागे मागे सरकत गेले. पहिल्या पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून पाचव्या. पाचव्या पानापर्यंत कोण येते? गावाबाहेरच्या घराचे दार ठोठावायला कोणी जात नाही, तसेच ते.

एक दिवस काकू म्हणाल्या, "सकाळपासून फोन वाजला नाही. बिघडलाय का बघा जरा."

काकांनी फोन कानाला लावला, खाली ठेवला. "चांगला आहे," एवढेच म्हणाले. फोन बिघडलेला असता, तर त्यांना बरे वाटले असते.

काकूंचा धाकटा भाऊ, लेकीचा मामा, दर रविवारी यायचा. मनाने वाईट नव्हता, पण त्याला धीर कसा तो नव्हता. दाणा पेरला की संध्याकाळी कणीस मोजायला निघणारा माणूस. तो म्हणाला, "भाऊजी, वेबसाइट वर आणून देणाऱ्या कंपन्या असतात. तेच त्यांचं काम. आपण एक गाठू."

काकांनी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, दोन महिने थांबा. बाळ जरा मोठं झालं की मीच येते आणि बघते. आणि तोवर कोणाला भेटायचंच असेल, तर माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत, त्यांना भेटा."

त्या बाईंचे ऑफिस एका लाँड्रीच्या वर होते. दोनच खोल्या. इस्त्रीची वाफ खिडकीतून आत येई. बाईंचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात लटकवलेला. काका आणि मामा जायच्या आधीच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचून काढले होते. इतके लक्ष देऊन मला लेकीनंतर कोणी वाचले नव्हते.

"तीस दिवसांत पहिल्या पानावर आणाल का?" मामाने बसता बसताच विचारले.

"नाही."

"साठ?"

"साहेब, पहिला नंबर माझ्या हातात नाही. ते यंत्र माझ्या घरी पाणी भरत नाही. माझ्या हातात एवढंच, की तुमचं खरं काम लोकांना समजेल असं मांडायचं, साइट चटकन उघडेल असं बघायचं, लोक काय विचारतात त्याची नीट उत्तरं लिहायची. सहा-आठ महिने लागतील. दर महिन्याला काय केलं ते लिहून देईन. आणि तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय एक शब्द वर चढवणार नाही."

काका संकोचून म्हणाले, "मी वाचून काय करू? मला फक्त बुटातलं कळतं."

"म्हणूनच वाचायचं. पायाबद्दल मी चूक लिहिली, तर ती तुम्हालाच दिसेल. मला कशी दिसणार?" मग त्यांनी विचारले, "किल्ल्या कोणाकडे आहेत?"

किल्ल्या म्हणजे पासवर्ड. ज्याच्या हाती ते असतात, तो मला हवे तसे बदलू शकतो.

"लेकीकडे."

"तिच्याकडेच राहू द्या. मला कामापुरती एक द्या, काम संपलं की काढून घ्या." उठता उठता त्या म्हणाल्या, "आणि हो, तुम्ही सोमवारी बंद असता ना? साइटवर रविवार लिहिलाय. लोक हेलपाटा मारत असतील. ते आजच दुरुस्त करा. त्याला मी लागत नाही."

मला वाटले, सुटले. योग्य हातात पडले. पण जिना उतरताना मामाच्या फोनवर मी उघडीच होते. मामा म्हणाला, "भाऊजी, हिला स्वतःच्या कामाची खात्री नाही. तुम्ही बूट देताना म्हणता का, बसेल की नाही सांगता येत नाही म्हणून?"

"म्हणतो की," काका म्हणाले. "घालून बघेपर्यंत तसंच म्हणतो."

खरे तर उत्तर तिथेच मिळाले होते. पण मित्रांनो, फोन न वाजणाऱ्या दुकानात बसून सहा महिने थांबणे फार अवघड असते. घाबरलेल्या माणसाला खरे बोलणारा निष्ठुर वाटतो. आठवडाभराने मामाने दुसरे नाव आणले, तेव्हा काका नाही म्हणाले नाहीत.

दुसरी कंपनी काचेच्या इमारतीत होती. आत इतके थंड, की काकांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढून घेतल्या. समोर टाय लावलेला एक तरतरीत माणूस. त्याने मला उघडले, एक शिंक यायला लागेल तेवढा वेळ पाहिले आणि म्हणाला, "तीस दिवस. पहिलं पान. लेखी हमी."

"म्हणजे तुम्ही करणार काय नक्की?" काकांनी विचारले.

"ते आमचं गुपित आहे, काका. आचारी कधी मसाला सांगतो का?"

मामा खो खो हसला. काका हसले नाहीत. "मसाला नका सांगू. पण भांड्यात काय शिजतंय ते तरी?"

"तुम्ही टेन्शनच घेऊ नका. तुम्ही बूट बनवा, बाकी आमच्यावर सोडा. फक्त सगळ्या किल्ल्या लागतील. आणि वेबसाइटचं नाव आमच्या खात्यात घेऊ. सोयीसाठी."

पुन्हा लेकीला फोन गेला. "सगळ्या किल्ल्या कशाला?" ती म्हणाली. "आणि नाव त्यांच्या खात्यात का?"

मामाने फोन घेतला. "अगं, सुताराला घरी बोलावलं तर दार उघडायला नको का?"

"दार उघडणं वेगळं, मामा, आणि घर त्याच्या नावावर करणं वेगळं."

"तुला यायला वेळ नाही, आम्ही करतो ते चालत नाही. मग बापानं दुकानाला कुलूप लावायचं का?"

फोनमध्ये बाळ रडायला लागले. लेक दमलेल्या आवाजात म्हणाली, "पाठवते." आणि तिने पाठवल्या. मी तिला दोष देत नाही. पण त्या दिवशी मी काकांची राहिले नाही, आणि हे घरात कोणाच्याही लक्षात आले नाही.

पी हळद आणि हो गोरी म्हणतात ना, तसा माझा शृंगार सुरू झाला. माझ्या पांढऱ्या पानांवर त्यांनी पांढऱ्याच रंगात शेकडो शब्द लिहिले. माणसाला दिसू नयेत, फक्त यंत्राला दिसावेत म्हणून. 'उत्तम बूट, स्वस्त बूट, जादूचे बूट.' वरून मी स्वच्छ दिसत होते, आणि आतून माझे अंग खोट्याने भरले होते. मग त्यांनी एकशे चाळीस गावांची पाने केली. प्रत्येकावर 'आमची शाखा' आणि कुठून तरी उचललेला पत्ता. जुगाराच्या आणि टकलावर केस उगवणाऱ्या औषधांच्या वेबसाइटी माझ्याकडे बोट दाखवून शिफारस करू लागल्या. जिच्याकडे खूप जण बोट दाखवतात ती चांगली असणार, असा त्या यंत्राचा समज असतो. काकांचा खरा फोन नंबर पुसून त्यांनी स्वतःचा टाकला. त्यावर आलेले फोन ते दुकानाकडे वळवत, म्हणून कोणाला काही कळले नाही. आणि सर्वांत शेवटी, काकांच्या फोटोखाली, गिऱ्हाइकांची खोटी पत्रे. त्यातले एक होते, 'माझ्या मुलाचे वाकडे पाऊल एकवीस दिवसांत सरळ झाले. ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही.' ते लिहिणाऱ्याने कधी वाकडे पाऊल पाहिलेही नसेल. एका हाताने बिस्किट खात त्याने ते चार मिनिटांत लिहिले. मी पाहत होते.

तिसाव्या नव्हे, सत्ताविसाव्या दिवशीच मी पहिल्या पानावर आले. मामा छाती फुगवून दुकानभर हिंडला. फोन थांबायचे नाव घेईना. काकूंना अस्तर शिवायला वेळ मिळेना. मात्र फोनवर लोक भलतेच काही विचारत.

"आमच्या गावातली तुमची शाखा नेमकी कुठे आहे?"

"शाखा?" काकू म्हणत. "अहो, आमची एकच शाखा, आणि तिच्यात आम्ही दोघं मावतो तेवढंच."

काकांनी मामाला विचारलेही, "हे शाखा शाखा काय प्रकरण आहे?"

"लोक काय, काहीही विचारतात," मामा म्हणाला.

काकांनी चष्मा लावून मला एकदा वाचले असते, तर दहा मिनिटांत सगळे उघड झाले असते. पण ज्याने कामे वाढली ते वाचून कशाला पाहायचे, असे त्यांना वाटले असावे. त्या चार महिन्यांत त्यांनी मला एकदाही वाचले नाही. हे मला आजही सलते.

पाचव्या महिन्यात एक बाई आली. बरोबर चार वर्षांची मुलगी. आठ तासांचा प्रवास करून आलेली, साडीवर मुलीच्या बुटाची धूळ. तिने मुलीला स्टुलावर बसवले. काकांनी नेहमीप्रमाणे खाली बसून ते पाऊल हातात घेतले. ते आतल्या बाजूला वळलेले होते. त्यांनी अंगठ्याने टाच दाबली, घोटा हलवून पाहिला. त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, हिचं लहानपणी प्लास्टर झालंय का?"

"झालं होतं. पाऊल सरळ झालं होतं. पण आता परत वळायला लागलंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"लगेच परत प्लास्टर घालायला या म्हणाले. तारीख पण दिली होती."

"कधीची?"

"चार महिने झाले." ती पटकन पुढे म्हणाली, "पण मी तुमचं वाचलं ना. आमच्या गावातल्या शाखेत तीनदा गेले. त्या पत्त्यावर टायरचं दुकान आहे. म्हटलं, शाखा हलवली असेल, परत उघडेल. मग शेवटी म्हटलं, इथंच येऊ. एकवीसच दिवस तर लागतात."

काका उठून उभे राहिले. "कोण म्हणालं एकवीस दिवस?"

तिने फोन पुढे केला. त्यात मी होते. काकांनी चष्मा लावला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचले. ऑपरेशन नाही. प्लास्टर नाही. वर त्यांचाच हसरा फोटो. मित्रांनो, माझ्याकडे त्या वेळी कोणी पाहू नये असे मला वाटले.

"ताई, हे बुटाचं काम नाही," काका म्हणाले. "हे डॉक्टरांचं काम आहे. हे मी लिहिलेलं नाही."

"तुमचा फोटो आहे."

"आहे."

"नाव तुमचंच आहे. मग तुमच्या नावानं कोणी लिहिलं?"

काकू हातातली सुई तशीच धरून दारात उभ्या होत्या. ती छोटी मुलगी स्टुलावर बसून पाय हलवत होती, एक सरळ, एक वाकडा.

काकांनी दुकान बंद केले, रिक्षा बोलावली आणि त्या दोघींना घेऊन स्वतः हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मुलीला तपासले. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मला उघडले आणि शांतपणे वाचत राहिले.

"चार महिन्यांपूर्वी प्लास्टरवर भागलं असतं," ते म्हणाले. "आता ऑपरेशन करावं लागेल. आणि पाऊल पूर्ण लवेल याची खात्री मी देत नाही."

बाई रडली नाही. तिने फक्त मुलीचा मोजा वर ओढला.

ती बाहेर गेल्यावर काका म्हणाले, "डॉक्टर, फोटो माझा आहे, शब्द माझे नाहीत."

"मी मानतो. पण पेशंटला ते कसं कळणार? मी तुमच्याकडे माणसं पाठवतो ती माझ्या शब्दावर जातात." डॉक्टरांनी मला बंद करण्याआधी म्हटले, "यापुढे मी चिठ्ठी नाही लिहिणार. राग मानू नका."

काकांनी राग मानला नाही. मानला असता तर बरे झाले असते. वीस वर्षांचा विश्वास एका खोट्या पत्राने गेला, आणि ज्याच्यावर रागवायचे तो माणूस थंड खोलीत टाय सरळ करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी काका तिथे गेले. टायवाल्याच्या पडद्यावर मी उघडीच होते.

"ते सगळं काढून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

"काका, सगळेच असं करतात. आणि पहिला नंबर हवा होता ना तुम्हाला?"

"एका पोरीचा पाय गेला त्यात."

"तुम्ही मनाला लावून घेताय. शिवाय हमी फक्त नंबरची होती. मजकुराची जबाबदारी ग्राहकाची असते. कागदावर तुमचीच सही आहे." त्याने तो कागद समोर ठेवला. बारीक अक्षरांत खरेच तसे लिहिलेले होते. "आणि मधेच काम थांबवलंत, तर वेबसाइट आमच्याकडेच राहील. नाव आमच्या खात्यात आहे."

मामा शेजारी उभा होता. परत येताना रस्त्यात तो फोनवर मला उघडून बघत होता, तेव्हा एवढेच म्हणाला, "भाऊजी, मला माफ करा." काका म्हणाले, "तू नेलंस, पण चाललो मीच होतो." आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला चावणार?

दोन आठवड्यांनी शोधयंत्राने माझी लबाडी पकडली. असल्या लबाड्या ते आज ना उद्या पकडतेच. मी पहिल्या पानावरून गेले, पाचव्यावरही राहिले नाही. दुकानाचे पूर्ण नाव टाकून शोधले तरी मी सापडेना. एखाद्या माणसाचे नाव गावाच्या वहीतून खोडून टाकावे, तसे झाले. टायवाल्याने कळवले, की नव्या वेबसाइटसाठी त्यांच्याकडे दुसरी एक योजना आहे.

मग लेक आली. बाळ काकूंच्या मांडीवर देऊन ती पुन्हा त्याच खुर्चीवर बसली आणि मला पहिल्यांदा पूर्ण वाचले. तिला ती पांढरी अक्षरेही दिसली. पानावर माउस दाबून ओढला, की ती निळ्या पट्ट्यात उमटत. ती शेवटपर्यंत वाचत गेली. "किल्ल्या मी दिल्या," ती म्हणाली.

ती लाँड्रीवरच्या बाईंकडे गेली. बाईंनी 'मी सांगितलं होतं' असे एकदाही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "किल्ल्यांशिवाय हिला साफ करता येणार नाही. हिला सोडा. दुसरी करू, वडिलांच्या स्वतःच्या नावानं. तिच्या पहिल्याच पानावर काय घडलं ते खरं लिहू."

ते लिहायला काका तयार झाले. नवीन वेबसाइट साधी आहे. तिच्यावर त्यांनी लिहिले आहे, की माझ्या नावाने खोटे लिहिले गेले, मी ते वाचले नाही, ही माझी चूक. बाई दर महिन्याला कागद पाठवतात आणि काका चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचतात, कधी कधी खोडतातही. वर्ष झाले. ती तिसऱ्या पानापर्यंत पोचली आहे. काम थोडे येते. डॉक्टरांची चिठ्ठी अजून एकही आली नाही.

त्या मुलीचे ऑपरेशन झाले. ती चालते, पण पाऊल ताठ राहिले. काकांनी तिच्या मापाचे बूट शिवून पाठवले, सोबत चार ओळींचे पत्र. पार्सल न उघडता परत आले. काकांनी ते फळीवर ठेवले आहे. तिचा पाय वाढला असेल हे त्यांना कळते, म्हणून ते दर सहा महिन्यांनी अंदाजाने नवे माप धरतात आणि मग थांबतात. आधी पाय पाहिल्याशिवाय बूट कसा करणार?

आणि मी? मी अजून आहे. काचेच्या इमारतीतली ती कंपनी उठून गेली. तिथे आता दुसरेच कोणी बसते. जाताना त्यांनी मला कोणाला तरी विकले. आज माझ्या अंगावर केस उगवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात आहे, आणि तिच्या शेजारी काकांचा तोच हसरा फोटो. तक्रारी दिल्या, उत्तरे आली नाहीत. रोज सकाळी दुकान उघडले, की काका माझा पत्ता टाकून पाहतात, फोटो निघाला का. नसतो निघालेला. मग ते मला बंद करतात आणि कामाला बसतात. तेवढ्या मिनिटभरात मला माझे घर दिसते.

मित्रांनो, तुमच्या नावाने बोलणारी वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्याला विचारा, तू नेमके काय करणार. 'गुपित आहे' म्हणाला तर उठून या, मग खोली कितीही थंड असो. जो निकालाची हमी देतो त्याच्यापेक्षा जो कामाची हमी देतो त्याला निवडा, त्याला वेळ लागला तरी. घराच्या किल्ल्या घरात ठेवा. आणि माणूस चांगला निवडलात, तरीही मला वाचत जा. तुम्ही न वाचलेले शब्दही तुमचेच धरले जातात.

इथे माझ्याकडे संदेश लिहायची एक चौकट अजून शिल्लक आहे. तिच्यात टाकलेले कुठेच पोचत नाही. गेल्या महिन्यात तिच्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिले, 'तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडून बूट नेला होता. टाच झिजली आहे. इथला फोन लागत नाही. दुसऱ्या कोणाच्या बुटात मला चालता येत नाही. कळवावे.' आठ दिवसांनी तेच पुन्हा लिहिले. मग तिसऱ्यांदा. मला ते वाचता येते, उत्तर देता येत नाही.

काल चौथा संदेश आला. त्यात दोनच शब्द आहेत.

'आहात का?'